संघासाठी स्थळ

गोंदियाच्या सारस क्लबला नवा प्रशिक्षक हवा होता, आणि तो शोधायचं काम जुन्या प्रशिक्षकाच्याच गळ्यात पडलं होतं. ही अक्कल क्लबचे मालक बिसनलाल पटले यांची. राइस मिलवाला हा माणूस. हौसेनं त्यांनी मुलींचा फुटबॉल संघ काढला, पोरींना महिन्याचा पगार लावला, संघ राज्याच्या लीगमध्ये उतरवला. इथपर्यंत सगळं चोख. पण जुने प्रशिक्षक योगराज रहांगडाले यांना "तुमच्या मनासारखा माणूस तुम्हीच निवडा" असं सांगून त्यांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

योगराजच्या दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. पळणं सोडाच, खाली बसलं तर उठवायला दोन पोरी लागायच्या. त्यात लीगनं यंदापासून मुख्य प्रशिक्षकाला परवाना सक्तीचा केला, आणि योगराजकडे परवाना होता तो फक्त मोटारसायकलचा. "मी बाजूले होतो," असं तो आपणहून म्हणाला होता. म्हणायला काय जातं!

शोध सुरू झाला तो लग्नाचं स्थळ बघतात तसा. योगराजला दोन मुलगेच, त्यामुळे मुलीचा बाप होऊन ताठ मानेनं खोडी काढायची संधी त्याला कधी मिळालीच नव्हती. ती हौस त्यानं इथं पुरेपूर भागवली. उमेदवार आला की आधी कुडवा गावातल्या आपल्या घरी जेवायला बोलवायचं. दुलारीनं, म्हणजे योगराजच्या बायकोनं, भात वाढायचा आणि यानं समोर बसून बघायचं. मग त्याच्या गावी फोन लावून शेजारपाजारी चौकशी करायची, की घरात कसा बोलतो, रागीट आहे का, आईला विचारतो का.

पहिला पुण्याचा होता. त्यानं लॅपटॉप उघडून हिरव्या मैदानावर रंगीत बाण फिरवून दाखवले. बाण योगराजला मनातून आवडले होते. पण पानावर बसल्यावर तो म्हणाला, "मी राइस घेत नाही." दुलारीच्या हातातला डाव हवेतच राहिला.

"धानाच्या मुलखातल्या पोरी, अन् भात न खानाऱ्याच्या हाती देऊ?" योगराजनं बिसनलालना विचारलं. बिसनलालची स्वतःची राइस मिल. बिचारे काय बोलणार?

दुसरा कोलकात्याचा. त्यानं भात मागून मागून खाल्ला, तलावातल्या मासळीची चौकशी केली. फुटबॉल तर त्याच्या घरात आजोबांपासून. त्याच्याबद्दल योगराज म्हणाला, "आवाज बारीक हाय. वाऱ्यात आयकू नाही येनार." तिसरा नागपूरचा. वय, अनुभव, आवाज, भात, कशातच खोट नाही. योगराज हवालदिल झाला. शेवटी नागपूरच्या साडूकडून त्यानं शोध लावला, की हा माणूस सिग्नलवर उभा असला की हॉर्न फार वाजवतो.

"उतावीळ हाय. पोरीले घाई करन."

दुलारी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुमाले नवरदेव नाही पायजे. तुमाले नवरदेवात खोट पायजे."

योगराज चिडला, आणि संध्याकाळचा चहा त्यानं स्वतःच करून घेतला. खरं बोललेलं माणसाला लागतंच. नवा प्रशिक्षक मिळाला की सकाळी उठून जायचं कुठं, हीच त्याची खरी धास्ती होती. मैदानावर कोणीतरी आपली वाट बघतंय, या एका गोष्टीवर त्याची इतकी वर्षं गेली होती.

लीग तोंडावर आली तेव्हा सगळा संघच त्याच्या घरी येऊन अंगणात बसला. पुढं कर्णधार चमेली उईके. ही केशोरीकडची. बाप जंगलात कामाला जायचा, आणि कमी बोलायची सवय तिनं त्याच्याकडूनच घेतली होती. त्यामुळे ती बोलली की सगळे ऐकायचे.

"काकाजी," ती म्हणाली, "कोच नाही तं टीम नाही, असं लीगवाल्यानं सांगून टाकलं. तुमी आमाले जन्मभर कुवाऱ्याच ठेवता का?"

आधी गोलकीपर प्रिया फिसकन हसली, मग सगळ्याच. दुलारी तर भिंतीला धरून हसली. योगराजही हसला, आणि हसता हसता त्याला एकदम रडू फुटलं. पोरींकडे पाठ करून तो पाण्याचा पंप बंद करायला गेला. पंप चालू नव्हता.

चौथं स्थळ आलं राजनांदगावहून. दुर्गेश्वरी साहू, पस्तिशीची, एके काळची चांगली खेळाडू, परवाना असलेली. रेल्वेनं आली, हातपाय धुतले आणि लाखोरी डाळीचं वरण आणि भात अशी जेवली की दुलारी निम्मी तिथंच फितूर झाली. योगराज घसा साफ करून प्रश्न विचारणार, एवढ्यात तीच म्हणाली, "काकाजी, पहले मैं पूछूँ?"

पगार किती, घर कुठं, हे ती विचारेल असं त्याला वाटलं होतं. तिनं विचारलं ते वेगळंच. हरल्यावर कोणती मुलगी गप्प बसते? कोणाला तेव्हा एकटं सोडायचं आणि कोणाला जवळ घ्यायचं? सामन्याआधी जेवण कोणाला जात नाही?

योगराज आपले प्रश्न विसरला. मग सांगू लागला. चमेलीला चारचौघींत रागवायचं नाही, बाजूला घेऊन सांगायचं. प्रिया सामन्याआधी काही खात नाही, ती नाही म्हणाली तरी केळं खायला लावायचं. आचल सगळ्यांत लहान, डावा पाय लाख मोलाचा, पण गोलवर मारायला भिते, चेंडू दुसरीला देऊन मोकळी होते. सांगता सांगता दोनदा चहा झाला. हे सगळं त्याला ठाऊक होतं, पण आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

ती गाडी पकडायला निघाली तेव्हा निकाल ऐकायला आलेले बिसनलाल आणि दुलारी दोघंही योगराजच्या तोंडाकडे बघत राहिले.

"चहात साखर लय घेते," योगराज म्हणाला. दुलारीनं डोळे वटारले. "पन चालते," तो घाईनं म्हणाला.

दुर्गेश्वरी रुजू झाली त्या दिवशी कामठ्याच्या रस्त्यावरच्या मैदानात दुलारीनं तिची ओटी भरली. योगराजनं गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात ठेवली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मायी टीम, मायी लेक दिली. आता लेकीच्या घरचं पानी नाही पिनार मी."

मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, ही जुनी रीत. योगराजचा बाप त्याच्या बहिणीकडे जाताना पिशवीत पाण्याचा तांब्या घेऊन जायचा. आता हे कोणी पाळत नाही, म्हणून पोरी खदखदून हसल्या. नवी प्रशिक्षक हसली नाही. छत्तीसगडातही ही रीत होती, तिला ती कळत होती. आणि योगराज थट्टा करत नव्हता. एकदा पाणी प्यायला आत गेलो की आपलं तोंडही उघडणार, हे त्याला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं.

तेव्हापासून तो रोज मैदानाच्या कुंपणाबाहेर, पानठेल्याच्या बाकावर बसू लागला. हातात पेपर, डोळे जाळीच्या आत. पाण्याची बाटली घरून आणलेली.

पहिला सामना संघ हरला. दुसरा बरोबरीत सुटला, तोही गोलाविना. दुर्गेश्वरीनं आचलला सगळ्यांत पुढं खेळवलं होतं, आणि आचलचे फटके कधी खांबाच्या बाहेर, कधी सरळ झाडावर. तिसऱ्या दिवशी बिसनलाल मोटार घेऊन कुडव्याला आले.

"योगराजभाऊ, चूक झाली वाटते. नावाले तिले राहू द्या, पन टीम तुमीच चालवा. कोनाले सांगायचं नाही."

योगराजच्या काळजात लख्ख झालं. हेच ऐकायला तो इतके दिवस तरसला होता, त्यात लपवण्यासारखं काय? त्यानं दुलारीकडे बघितलं. ती नेमकी आजच तांदूळ निवडण्यात गुंतली होती. त्यानं शर्टाची सुटलेली गुंडी लावली.

"सेठ," तो शेवटी म्हणाला, "लेक रडून राहिली असती तं मीच जाऊन घेऊन आलो असतो. पन मी रोज पाहून राहिलो. पोरी हारून राहिल्या, रडून नाही राहिल्या. आचल गोलवर मारून राहिली. बाहेर जाते तं जाऊ द्या. माया राज्यात ते मारतच नव्हती."

एवढं बोलून तो उठला आणि गुडघे धरत आत गेला. बिसनलाल चहा न घेताच परतले. दुलारीनं मागून जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यानं तो ठेवू दिला.

तिसरा सामना घरच्या मैदानावर, भर उन्हात. दुलारी तिकीट काढून आत सावलीत बसली आणि क्लबचं गार पाणी खुशाल प्यायली. योगराज बाहेर जाळीला धरून उभा. घरून आणलेली बाटली मध्यंतराआधीच संपली. प्रियानं दोनदा आतून पाणी दाखवलं, त्यानं दोनदा नकाराची मान हलवली.

सामना संपत आला तरी गोल नाही. मग प्रियानं लांब लाथाडलेला चेंडू चमेलीनं छातीवर घेतला आणि डावीकडे सरकवला. तिथं आचल. आता ही दुसरीला देणार, असं योगराजला वाटलं. "मार" हा शब्द त्याच्या ओठापर्यंत आला. त्यानं दात आवळून धरले. आचलनं कोणाकडे बघितलं नाही. डावा पाय फिरला, आणि चेंडू गोलच्या जाळीत गेला.

पोरी आचलच्या अंगावर पडल्या. चमेली मात्र उलट्या दिशेनं पळत सुटली. दुर्गेश्वरीनं खुर्चीखालून स्टीलची एक बाटली काढून तयारच धरली होती. ती झडप घालून चमेलीनं घेतली आणि मैदान ओलांडून थेट कुंपणाशी आली.

"नात झाली, काकाजी," ती धापा टाकत म्हणाली. "आता पानी प्या."

योगराज बाटलीकडे बघत राहिला. "हे कुठून आनली?"

"कोच दीदी पहिल्या मॅचपासून भरून आनते. तुमच्या नावाची. दुसऱ्या कोनाले हात लावू देत नाही."

पंच पळत आले आणि खेळ खोळंबवल्याबद्दल त्यांनी चमेलीला पिवळं कार्ड दाखवलं. तिनं ते आनंदानं घेतलं. योगराजनं जाळीवरून बाटली घेऊन तोंडाला लावली. निम्मं पाणी घशात गेलं, निम्मं शर्टावर सांडलं, आणि डोळ्यांतलं त्यात मिसळून गेलं म्हणून बरं झालं.

बाटली खाली केली तेव्हा पलीकडून दुर्गेश्वरी त्याच्याकडेच बघत होती. तिनं दोन्ही हात जोडले. मग लगेच वळून, अजून नाचत असलेल्या आचलला तिनं जागेवर जायला ओरडून सांगितलं. वारा सुटला होता, तरी तिचा आवाज कुंपणापर्यंत नीट ऐकू आला.