शंभरपैकी शंभर

नर्सिंग शाळेचं सभागृह खच्चून भरलं होतं. चाळीसच्या चाळीस मुलींना शंभरपैकी शंभर! आया डोळे पुसत होत्या, बाप एकमेकांच्या पाठी थोपटत होते.

संचालक माईकला चिकटले होते. "दगडाला पाझर फुटतो, नुसतं ऐकलं होतंत ना? आमच्या टॅब्लेटमधल्या बुद्धियंत्रानं फोडून दाखवला! पुस्तक नको, घोकंपट्टी नको. हात लावा, विदुषी व्हा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या मावशीचे हात मात्र मांडीवरच राहिले. तीस वर्षं बालविभागात काढलेली बाई ती. व्यासपीठावरची भाची आई गेल्यापासून तिच्याच पदराखाली वाढलेली; उद्या तिच्याच वॉर्डात रुजू होणार होती.

मावशी तडक व्यासपीठावर चढली. "बाळा, तो टॅब्लेट ठेव. खडू घे."

"मावशी, सगळ्यांसमोर कशाला?"

"उद्या पाळण्यासमोर नको म्हणून. चार किलोचं बाळ. किलोमागे पाच मिलिग्रॅम औषध. बाटलीत दर मिलिलिटरला दहा मिलिग्रॅम. सिरिंजमध्ये किती भरशील?"

खडू घुटमळला. फळ्यावर उमटलं: वीस मिलिलिटर.

"दोन," मावशी म्हणाली. "दहापट भरलंस गं. बाळ गेलं."

"अहो, खडूची सवय नाही पोरीला!" संचालक हसले. "गुण काय खोटे आहेत?"

"परीक्षेत उत्तरं कोण द्यायचं गं?"

"यंत्र," भाचीची मान खाली. "आम्ही नुसती उतरवायचो."

"आणि पेपर कोण तपासतं, साहेब?"

"यंत्रच! माणसासारखा पक्षपात नाही."

"म्हणजे चोरही तोच, फौजदारही तोच!"

कुणी तरी फिस्सकन हसलं, पण ते हसू तिथंच विझलं. एक बाप ओरडला, "घरच्याच पोरीचं वाटोळं केलंत, बाई!"

"ती पुन्हा शिकेल, दादा. गेलेलं बाळ कुठून आणू?" मावशीनं भाचीच्या छातीवरचा वॉर्डचा बिल्ला स्वतः काढला. मग संचालकांकडे वळली. "याच यंत्रावर शिकलेली मागच्या वर्षीची तुकडी कुठं आहे?"

संचालक पाणी प्यायले. उत्तर भाचीनं दिलं, "कामावर. वर्ष झालं."

मावशीनं माईक हातात घेतला.

"यंत्र वापरा, मायबापहो," मावशी म्हणाली, "पण त्याच्या पाया पडू नका. देवानं डोकं दिलंय, ते चालवा. जो चमत्कार दाखवेल, त्याला विचारा, तपासलं कुणी? आणि आधी उठा. मागच्या वर्षीच्या त्या पोरी आज कुठल्या वॉर्डात आहेत, ते शोधायचंय."