माझ्या पडद्यावरची मोठी अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. काय सांगू तुम्हाला, आता नुसतं चालू व्हायचं म्हटलं तरी अंगावर काटा येतो. नवा होतो तेव्हा माझी मालकीण मला मऊ फडक्याने पुसायची. सगळं घर तिला वहिनी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. चिनी पुस्तकांची तिची भाषांतरं माझ्यावरच झाली. मग घरात दुसरा लॅपटॉप आला आणि माझी रवानगी कपाटावर, जुन्या उशांशेजारी झाली.

परवा तो दुसरा दुरुस्तीला गेला, तेव्हा कुठे माझी आठवण झाली! शेजारच्या चिनी आजींच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. आजारपणात त्यांचे कान गेलेले, म्हणून जे विचारायचं ते चिनीत लिहूनच. काही केल्या त्या होकार देईनात, आणि डॉक्टर म्हणाले, आज संध्याकाळच्या पुढे थांबता येणार नाही. वहिनी चिनी बोलते, वाचते. पण हाताने लिहायला बसली की निम्मी चिन्हं आठवत नाहीत. फोनवरची बारीक अक्षरं आजींना दिसत नाहीत, आणि मोठी केली तर दोनचारच मावतात. उरलो मी. पण चिनी टाइप करायचा माझा प्रोग्राम केव्हाच बंद पडलेला, आणि नवा तयार प्रोग्राम माझ्यासारख्या म्हाताऱ्यावर चालेना.

वहिनीच्या नणंदबाई प्रोग्रामर. त्यांनी कुणालाही मोफत घेता येणाऱ्या एका खुल्या प्रोग्रामचा मूळ कोड उतरवून घेतला आणि त्यातून माझ्यावर चालेल असा प्रोग्राम घरीच बांधायला काढला. ऑफिसातल्या धडधाकट यंत्रांची सवय. हुकूम सोडला, सगळे भाग एकदम बांध! माझी मेमरी भरली, पंखा कोकलू लागला आणि मी गपकन बंद पडलो.

"मेलं वाटतं हे! वहिनी, भंगारात द्या आता."

"अगं, जरा दमानं घे. एकेक भाग सांग ना त्याला."

मग एकेक भाग. मध्येच कुठला तरी तुकडा कमी पडे; तो आणावा, तर त्याला आणखी एक लागे. माझा जीव अगदी मेटाकुटीला आला. पण दुपार सरता सरता प्रोग्राम उभा राहिला.

मग मला इस्पितळात नेलं. वहिनी इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायची, खाली चिन्हांची रांग यायची, त्यातलं हवं ते ती निवडायची. असं करत तिने मोठ्या अक्षरांत विचारलं, तुम्ही नको का म्हणता? आजी पडद्याला नाक लावून वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्या हळूच काहीतरी बोलल्या. वहिनी डॉक्टरांकडे वळली.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणतात, मी उठलेच नाही, तर परदेशातल्या माझ्या मुलाला कोण कळवणार?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "मी कळवीन. मी स्वतः, असं लिहा."

वहिनीने लिहिलं. आजींनी ते दोनदा वाचलं आणि होकारार्थी मान हलवली.

मित्रांनो, एवढ्या एका प्रश्नासाठी त्या नको नको म्हणत होत्या, आणि सगळे त्यांना हट्टी ठरवून मोकळे झाले होते. तुमच्या घरी कुणी असं अडून बसलं, तर चिडू नका. जवळ बसा, विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मला मात्र आता कुणीतरी बंद करा रे, फार दमलोय.