कोपऱ्यातला पांढरा खळगा

नको तेवढी घाई करून तिने दादाला फोन केला, तिथेच सगळं बिनसलं. रोपांच्या प्रयोगशाळेत ती तपासनीस. पानांचा रस काढायचा, प्लेटमधल्या खळग्यांत घालायचा आणि रंगाची वाट बघायची, हे तिचं काम. आज दादाच्या रास्पबेरीच्या बारा ओळींची बारा पानं होती. बाराही खळगे पिवळेधमक झाले.

"विषाणू आहे, दादा. म्हणूनच फळ हातात घेतलं की भुगा होतो. हा परागकणांतून पसरतो, पण..."

"म्हणजे मधमाश्यांनी आणला!" दादाने फोन आपटला. पूर्ण ऐकून घेईल तर तो दादा कसला!

पुढचं ऐकण्यासारखं होतं. माश्यांनी आणलेला रोग आधी कडेच्या ओळींना धरतो, मग मधल्या. बाराच्या बारा ओळींत सारखाच असेल, तर तो रोपांतूनच आलेला असतो. आणि ती रोपं लावण्याआधी तिनेच तपासली होती, निरोगी म्हणून सही केली होती.

तिने तीन वर्षांपूर्वीचा अहवाल शोधून काढला. सोबत प्लेटचा फोटो होता. सगळे खळगे पांढरे, कोपऱ्यातलासुद्धा. त्या कोपऱ्यात दर वेळी मुद्दाम रोगट रोपाचा रस घालतात. तो पिवळा झालाच पाहिजे, नाहीतर अख्खी तपासणी फुकट. पण रोपं भावाची, म्हणून पांढरं बघूनच ती हरखली होती. कोपऱ्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नव्हतं.

अहवाल मुठीत धरून ती गाडीकडे पळाली.

बागेच्या टोकाला एका म्हाताऱ्याच्या मधपेट्या असत. सगळे त्याला माशीवाला म्हणत. ती पोचली तेव्हा पेट्यांचा चुराडा झाला होता, माश्या पिसाळल्या होत्या. डंखांनी दादाचा एक डोळा मिटला होता आणि हातात फावडं होतं. माशीवाला चिखलात पडला होता. त्याचं मनगट भलतीकडे वळलं होतं, तोंड रक्ताने भरलं होतं.

"दादा, सोड त्यांना! चूक माझी आहे!"

"बाजूला हो."

"रोपंच रोगट होती. मी तपासली, मी सही केली. हे बघ!"

दादाने उघड्या डोळ्याने कागद वाचला. फावडं खाली आलं. सुटला म्हातारा, असं तिला वाटलं.

दादाने तिच्याकडे बघितलं. जन्मात त्याने तिच्यावर हात उचलला नव्हता, आताही उचलवेना. पण डोक्यात भडकलेला राग कुठेतरी निघायलाच हवा होता. तो वळला आणि फावड्याचा दांडा त्याने माशीवाल्याच्या बरगड्यांवर हाणला. आत काहीतरी मोडल्याचं तिला ऐकू आलं.

"अरे, त्यांनी काय केलंय?" ती किंचाळली.

"काही नाही!" दादा ओरडला आणि पुन्हा हाणला.

तिने म्हाताऱ्यावर अंग टाकलं. तिसरा तडाखा तिच्या पाठीत बसला आणि तिचा श्वासच कोंडला. फावडं मातीत पडलं.

"छोटे," दादाचा आवाज चिरकला. "तू कशाला मध्ये आलीस?"

"मध्ये नाही आले," ती कशीबशी म्हणाली. "हा माझाच होता."

तिच्याखाली माशीवाल्याने रक्त थुंकलं.

"आधीचेपण तुमचेच होते, ताई," तो म्हणाला.