कमाल सहा वर्षे

शिसपेन्सिलीच्या मागच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या, आणि खुणांच्या बरोबर मधोमध थोडी जागा गुळगुळीत राहिली होती — नातीचे पुढचे दोन दुधाचे दात ज्या वर्षी पडले, ते हे वर्ष. त्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवत ती बाकावर बसली होती. समोर दार. दारावर पाटी, विभागप्रमुख, व्यवसाय व्यवस्थापन, आणि पाटीखाली डकवलेला हातानं लिहिलेला कागद : सह्या आज दुपारी चारपर्यंतच. तिनं तो दोनदा वाचला. ती सगळंच दोनदा वाचते. एकदा अक्षरांसाठी, एकदा अर्थासाठी. पन्नाशीला टेकल्यावर ज्याला अक्षरओळख झाली त्याचं एका वाचनात भागत नाही.

मांडीवर अर्ज होता. सगळे रकाने भरले होते, एक सोडून. 'कारण' हा.

पदवीला एकशे बत्तीस श्रेयांक लागतात. तिचे एकशे सव्वीस झाले होते. उरले सहा, म्हणजे दोन विषय, संख्याशास्त्र आणि उत्पादन व्यवस्थापन. पण पहिला सुटल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, आणि ह्या भानगडीला माहितीपुस्तिकेत पूर्वअट असं भारदस्त नाव आहे. तिला ते समजवायला कुणी लागलं नव्हतं. आयुष्य पुठ्ठ्याची खोकी करण्यात गेलं. आधी घडीची रेघ दाबायची, मग घडी घालायची, रेघेशिवाय घडी घातली की पुठ्ठा फुटतो. तर दोन विषय, म्हणून दोन सत्रं — आणि सत्र उरलं होतं एकच. ते संपेपर्यंत पदवी पुरी झाली नाही तर प्रवेश रद्द, एकशे सव्वीसही गेले, पुन्हा प्रवेश परीक्षेपासून सुरुवात... चौसष्टाव्या वर्षी. दोन्ही विषय एकदम घेऊ द्या, एवढंच अर्जात मागितलं होतं.

सकाळी निघताना मुलगा खळीच्या बादलीवरून मान वर करून म्हणाला होता, "आई, पदवी मिळाली म्हणून आपली खोकी काय गोल होणार आहेत?"

"गोल नाही होणार. पण तुझं तोंड बंद होईल."

नात म्हणाली होती, "आजी, नाही घेतलं तर माझ्या वर्गात ये. माझ्या बाजूची जागा रिकामी आहे."

आणि ती निघाली होती. छातीत काहीतरी घट्ट आवळलेलं, सुतळीनं गठ्ठा बांधावा तसं. सही घेतल्याशिवाय ह्या दारावरून हलायचं नाही.

हे सगळं एका शब्दानं केलं. शब्दानं की सुनेनं — गेले पंधरा दिवस ती हेच घोळवत होती.

पंधरा दिवसांपूर्वी खिडकीवरच्या कारकुनानं तिचे कागद चाळत सहज म्हटलं होतं, "आजी, हे तुमचं शेवटचं सत्र हं."

"शेवटचं कसं?"

"सहा वर्षं होत आली की. पुस्तिकेत लिहिलंय, किमान तीन वर्षे, कमाल सहा वर्षे."

"हो, कमाल लिहिलंय," ती म्हणाली होती. "म्हणजे कौतुकच केलंय ना?"

कारकुनानं चष्मा काढला. तिच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा घातला. "कौतुक नाही, आजी. कमाल म्हणजे जास्तीत जास्त."

मागे रांगेत कुणीतरी फुसकन हसलं होतं. कानशिलं तापली होती. इतकी वर्षं बाई खोक्यांवर आकडे घालते, नफ्यातोट्यावर निबंध लिहिते, आणि कमाल म्हणजे... पण वर्गात सगळे जास्तीत जास्तच म्हणत. ज्या विषयात हा शब्द पानोपानी येतो, तो संख्याशास्त्राचा विषय तिनं भीतीपोटी मागे ठेवला होता, एकदा घेतला तोही पुस्तक पुरतं न उघडताच सोडला होता. किमान तिला ठाऊक होतं. निदान तीन वर्षं. आणि सहा वर्षं चिकटून राहील त्याची कमाल. यात चुकीचं काय वाटावं? उलट ते वाक्य वाचून तिला पुस्तिका लिहिणाऱ्याविषयी आपुलकी वाटली होती. कुणीतरी आपल्यासारख्यांचा विचार केलाय. म्हणून घाई केली नाही. एका सत्रात चार विषय, फार तर पाच, कारखाना सांभाळून, नीट.

आणि सून हसली होती.

तेव्हा नात रांगत होती. पुठ्ठ्यांच्या थप्पीला टेकून सून खळीचा ब्रश चालवत होती आणि सासू पुस्तिका मोठ्यानं वाचत होती. तिला वाचायला ह्या सुनेनंच शिकवलं, कापून उरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर. आधी पेन्सिलीनं, मग शाईनं, असं तिचं शास्त्र. दहावी, बारावी बाहेरून दिली ती हिच्याच जिवावर. सून ह्याच विद्यापीठाची पदवीधर; कपाटात प्रमाणपत्र होतं. तर सासू वाचत होती, "प्रवेशासाठी — कमाल! — वयोमर्यादा नाही." आणि खरंच तिला कमाल वाटली होती, म्हणून आवाज चढला होता. सुनेच्या हातातून ब्रश पडला. ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी, खळ साडीवर, पोर तिच्याकडे बघून टाळ्या पिटायला लागलं.

"काय झालं गं?"

"अहो आई... काही नाही. कमालच आहे. तुम्हीच कमाल आहात."

एवढंच. एक शब्द सांगितला असतास तर. हसलीस, नुसती हसलीस, आणि मी तुझ्याबरोबर हसले, मला वाटलं माझा जोर बघून हसतेस. पंधरा दिवस ती सुनेशी बोलली नव्हती. त्याआधी रोज सकाळी खळ घोटताना मनातल्या मनात बोलायची. आजचा पुठ्ठा ओला आला गं, तुझ्या लेकीनं आज दूध सांडलं गं. आता खळ घोटायची ती गप्प. मेलेल्या माणसाशी अबोला धरता येतो, हे तिलाही नवीन होतं.

बाकावर शेजारी वर्गातली मुलगी येऊन टेकली. तिलाही कसलीशी सही हवी होती. मोबाईलवर बोटं चालवत ती म्हणाली, "आजी, तुम्ही कशाला टेन्शन घेता? तुम्हाला कुठं नोकरी शोधायचीय?"

"नोकरी नाही गं. मी नोकरीला ठेवते."

"मग राहिले दोन विषय तर राहू द्या ना."

"तीन बाजूंचं खोकं कुणी घेतं का विकत?"

मुलगी हसली, मोबाईल बाजूला ठेवून. "भारी बोलता तुम्ही. कारणात काय लिहिलंत?"

"तेच अडलंय."

सकाळी ते कारकुनालाही विचारलं होतं. तो सवयीनं म्हणाला होता, "तीनच कारणं चालतात. आजारपण, बदली, घरातला मृत्यू."

"शब्दाचा अर्थ चुकला, हे नाही चालत?"

"हे लिहू नका, आजी. मॅडम म्हणतील, ज्यांना पुस्तिका वाचता येत नाही त्यांना पदवी कशी द्यायची?" मग आवाज उतरवून, एखादा जादाचा फोटो आहे का विचारावं तसं, "घरात कुणी वारलंय का ह्या सहा वर्षांत?"

"नाही," ती म्हणाली होती.

आणि खिडकीपासून जिन्यापर्यंत येईस्तोवर ती स्वतःलाच विचारत राहिली होती. नाही? तोंडातून आलं कसं? रागानं आलं, की तिला त्या रकान्यात बसवायचं नव्हतं म्हणून आलं... ती माझी सून होती, माझी सबब नव्हे. तिच्या नावावर शिक्का मारून घ्यायचा आणि मग दोन विषय पदरात पाडून घ्यायचे?

साडेतीन झाले. मुलगी आत जाऊन सही घेऊन आली, "जा तुम्ही," म्हणाली, आणि गेली. पण कारण रिकामं ठेवून कसं जाणार? तिनं पेन्सिल हातात घेतली. लिहिलं : शब्दाचा अर्थ. खोडलं. लिहिलं : आजार. ते खरं होतं की. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या सत्रात तिनं संख्याशास्त्र घेतलं होतं, आणि पाचव्या आठवड्यात सोडलं, कारण सून दवाखान्यात पडून होती. रक्ताचा आजार. वर्गाऐवजी ती दवाखान्यातल्या बाकावर बसायला लागली. असाच बाक, असंच बंद दार. विषय सोडताना जिवाला काही वाटलं नाही. घाई कुठं होती? सहा वर्षं, नाहीतर आठ, कौतुकच होणार होतं...

आणि खोटेपणानं झाकलेलं काहीतरी तिच्या आत सरकलं. ती ते येऊ देत नव्हती. पंधरा दिवस ती ब्रशचं, खळीचं, हसण्याचंच चित्र पुढं करत होती, ते ह्याच्यासाठी.

खाटेवर सून. ओठ कोरडे. पोर मुलाच्या कडेवर, बाहेर. आणि सून म्हणते आहे, "आई, विषय सोडलात म्हणे?"

"घेईन पुन्हा. तू बरी हो."

"तुमच्या त्या पुस्तिकेत एक शब्द आहे. तो मी तुम्हाला सांगायचा ठेवलाय. मला तेव्हा हसूच इतकं..."

"नंतर सांग. बोलू नकोस आता. झोप."

ती हसायला गेली आणि तिला ठसका लागला. मग झोपली.

नंतर सांग. मीच म्हणाले. मी म्हणाले, नंतर.

अंगठा पेन्सिलीवर थांबला होता. राग कुठं गेला हे तिला कळलं नाही. गेला असंही नाही, पण आता त्याचं तोंड कुणाकडे करावं ते समजेना, आणि तो तसाच, बिनपत्त्याच्या खोक्यासारखा, आत पडून राहिला. गठ्ठ्याची सुतळी मात्र सैल झाली नव्हती. उलट. हे दोन विषय आता घ्यायचेच होते, आणि संख्याशास्त्र आधी उघडायचं, त्यात तो शब्द पहिल्यांदा जिथं येईल तिथं थांबायचं. तिथं ती असेल. पंधरा दिवसांचं सगळं सांगायचं होतं. ओला पुठ्ठा, पडलेले दात.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चाराला दहा कमी होते. सही मिळेल का? कारकून म्हणतो तसं मॅडम म्हणतीलही. म्हणू देत, मग ती पुठ्ठ्याची आणि रेघेची गोष्ट सांगेल, एका हातानं रेघ आणि दुसऱ्या हातानं घडी कशी घालायची ते तिथंच अर्ज दुमडून दाखवेल, पण हलणार नाही.

तिनं पेन्सिल पिशवीत ठेवली. आज आधी पेन्सिलीनं नाही. पेनाचं टोपण काढलं आणि कारणाच्या रकान्यात, अक्षर न अक्षर जोडत, एकाच दमात लिहिलं :

'कमाल या शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता. तो मला सांगणार होती ती माझी सून. ती मी प्रवेश घेतल्यापासून तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या सत्राच्या सातव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकरा वाजता वारली.'