गोदाचं माहेर

"म्हायरचा लुगडा आल्याबिगर गोदाला उचलायचा नाय," गंगुबाईने अंगणातल्या पुरुषांना बजावलं. तिरडी बांधून झाली होती. सावर्ड्याजवळच्या गावातून गोदाचा भाऊ आत्माराम निघाल्याचा फोन येऊन गेला होता, आणि माणसं ताटकळली होती. सवाष्ण बाईला शेवटचं वस्त्र माहेरचं. जिवंतपणी तिची विचारपूस केली नाही तरी चालतं, हे मात्र चुकवून चालत नाही.

गोदा आणि गंगुबाई रत्नागिरीतल्या एका प्रसूतिगृहात आया होत्या. पहिलटकरणी माहेरी येऊन तिथे बाळंत व्हायच्या. कळा सोसणाऱ्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवत गोदा म्हणायची, "रडतेस कशाला गो? म्हायराला आलीस ना?"

कॉलेजात मराठी शिकवणारी दिशा तिथे बाळंतपणाला आली, तेव्हा तिने कौतुकाने सांगितलं, "मावशी, माहेर हा शब्द मातृगृहावरून आलाय. बोलता बोलता झिजत माहेर झालं. म्हणजे आईचं घर."

गोदाचा हात थांबला. "आणि आई मेली तर?"

दिशा चटकन म्हणाली, "भाऊ आहे ना तुम्हाला?"

"हाय तर," गोदा म्हणाली.

भाऊ होताच. आई गेल्यानंतरच्या गौरीला गोदा मोठ्या हौसेने गेली. जुनं घर पाडून आत्मारामने स्लॅबचं बांधलं होतं. "घरात माणसा लय झालीत," म्हणत भावजयीने तिचं अंथरूण पडवीत, भाताच्या पोत्यांशेजारी टाकलं. गोदा परत आली ती "भाऊ सोडीतच नव्हता," असं सगळ्यांना सांगत. खरं काय ते फक्त गंगुबाईला ठाऊक होतं. नवऱ्याला, भिकाजीला, गोदाने शेवटपर्यंत कळू दिलं नाही. कळलं असतं, तर भांडणात "जाईन मी म्हायराला," असं कुठल्या तोंडाने म्हणणार होती?

उन्हं कलल्यावर आत्माराम आला. पायरीवर बसून रडला. चांगला हमसून रडला. मग पिशवीतून हिरवी साडी काढून त्याने गंगुबाईच्या हातात दिली.

गंगुबाईने घडी मोडली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ही साडी तिने आणि गोदाने मिळून रामआळीतल्या दुकानात निवडली होती. त्या गौरीला भावजयीसाठी म्हणून गोदाने आपल्या पगारातून घेतलेली. बयेने ती एकदाही नेसली नव्हती. आत्मारामला तरी हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. बायकोने कपाटातून काढून दिली असेल, त्याने आणली असेल.

भिकाजी दाराशी येऊन उभा राहिला. "आला काय गो लुगडा?" त्याने विचारलं. "म्हायरचाच ना?"

गंगुबाईने आत्मारामकडे बघितलं. तो नाक पुसत होता.

"म्हायरचाच," ती म्हणाली, आणि साडी गोदाच्या अंगावर घालून तिने पदर सारखा केला.