सोलापुरात डॉक्टर अजय मेला नाही

"मेला असता तर लगीन कुणी केलं? त्याच्या फोटोनं?"

श्रीमंतनं चहा बशीत ओतला आणि चौफेर नजर फिरवली. चंद्रप्रभा टॉकीजच्या कँटीनसमोरच्या कट्ट्यावर दहाबारा माणसं बसली होती. दुपारचा खेळ नुकताच सुटला होता. देशात सरकार बदलून सहा महिने झाले होते आणि तो विषय कट्ट्यानं एका दुपारी निकालात काढला होता. हा विषय मात्र गेला आठवडाभर हटत नव्हता.

भांडण 'फिर चलो शुक्र पर' या रंगीत चित्रपटावरून होतं. तेरा वर्षांपूर्वीच्या काळ्यापांढऱ्या 'चलो शुक्र पर'चाच हा नवा अवतार. नट नवे, यान नवं, शुक्रावरच्या राजाच्या डोक्यावरची चहाची गाळणीसुद्धा नवी. नव्याची सुरुवात अशी होती: डॉक्टर अजयची आई त्याच्या हार घातलेल्या फोटोसमोर रडत बसलेली असते. मग शेजारचा एक शास्त्रज्ञ तिला काळाचं घड्याळ देतो, ती तेरा वर्षं मागं जाते आणि पोराच्या यानाची किल्ली गव्हाच्या डब्यात लपवते. यान उडत नाही, पोरगा वाचतो, आणि तिथून पुढं सगळी गोष्ट वेगळ्याच वाटेनं जाते.

सोलापूरकरांची किल्लीबद्दल तक्रार नव्हती. तक्रार फोटोला घातलेल्या हाराची होती. कारण जुन्या चित्रपटात डॉक्टर अजय मेलाच नव्हता. अख्ख्या सोलापुरानं पंचवीस आठवडे डोळ्यांनी बघितलं होतं.

"श्रीमंतअण्णा, तुमी शास्त्र समजून घ्या," शिवयोगी म्हणाला. तो कॉलेजात फिजिक्स शिकत होता आणि त्यामुळे कट्ट्यावर त्याला एक चहा फुकट असे. "काळ म्हंजे एस.टी.चा रस्ता. मोहोळला फाटा फुटतो. एक गाडी पंढरपूरला जाती, एक पुण्याला. दोन्ही गाड्या सोलापूरच्याच आणि दोन्ही खऱ्या. तसं एका काळात अजय मेला, दुसऱ्यात जगला."

"आणि मंगळवेढ्याची गाडी?"

"तिचा विचार शास्त्रानं अजून केलेला न्हाई."

"मग शास्त्राला म्हनावं आदी मंगळवेढ्याला जाऊन ये."

"माझ्या मामांनी जुना पिक्चर गुलबर्ग्याला बघितलाय," शिवयोगी शांतपणे म्हणाला. "तितं मेला."

श्रीमंतनं बशी खाली ठेवली.

"हितं जित्ता आणि गुलबर्ग्यात मेला. मग वाटंत नेमका कुटं मेला म्हनायचा?"

"माझ्या हिशेबानं मैंदर्गीच्या पुढं."

"मैंदर्गीला माझी बहीण दिलीया," श्रीमंत म्हणाला. "तिला इचारतो."

कँटीनच्या दाराशी, या सगळ्यांकडं पाठ करून, गुरुबसप्पा उभा होता. हातातला चहा कधीच गार झाला होता. तो चंद्रप्रभाचा ऑपरेटर. सव्वीस वर्षं केबिनमध्ये मशीन चालवत होता आणि येत्या दसऱ्याला मशीनची पूजा करून घरी बसणार होता. त्याचा एकच अभिमान होता आणि तो त्यानं कुणाला सांगितलेला नव्हता. पडदा काळा पडला, आवाज फाटला की पब्लिक अंधारात "ऑपरेटर" म्हणून ओरडतं. सव्वीस वर्षांत चंद्रप्रभात ती हाक कधी उठली नव्हती. वर कुणी बसलेलं असतं हे लोकांना आठवावंच लागू नये, इतकं त्याचं काम स्वच्छ होतं.

फक्त डॉक्टर अजयला त्यानं जिवंत केलं होतं. ते चुकून झालं होतं.

चौसष्टच्या जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, 'चलो शुक्र पर' सोलापूरला लागला. रिळांच्या पेट्या पंढरपूरहून एस.टी.च्या टपावरून आल्या. चौदा रिळं यायला हवी होती, तेरा आली. बाराव्या रिळाचा डबा ज्वारीच्या पोत्यांबरोबर मंगळवेढ्यालाच उतरवला गेला होता. तो पुढच्या गाडीनं येतोय असा निरोप आला, गाडीही आली, पण स्टँडवरून डबा घेऊन निघालेला टांगा सिद्धेश्वराच्या काठ्यांच्या मिरवणुकीत अडकला. देवापुढं टांगेवाल्यानं घाई करावी इतकं त्याचं रीळ काही मोठं नव्हतं.

इकडं अकरावं रीळ संपत आलं. थिएटर खच्चून भरलेलं. गुरुबसप्पानं पडदा काळा पडू दिला नाही, सरळ तेरावं लावलं. यानाला आग लागली, डॉक्टर अजय जळाला, बायका रडल्या. तेवढ्यात घामाघूम टांगेवाला बारावं रीळ घेऊन केबिनच्या दारात उभा राहिला.

दुसऱ्या कुणी ते बाजूला ठेवलं असतं. पण गुरुबसप्पा सरळ माणूस. ज्यानं तिकीट काढलंय त्याला चौदाच्या चौदा रिळं मिळालीच पाहिजेत, असा त्याचा धर्म. त्यानं बारावं लावलं आणि मग चौदावं.

बाराव्या रिळात डॉक्टर अजयची हळद होती, लग्न होतं आणि बागेतलं गाणं होतं. जळून खाक झालेला माणूस पाटावर बसून हसतोय हे पाहून थिएटर क्षणभर थबकलं. मग मागून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "हळद लावली की भाजलेलं बरं हुतंयच की." आणि टाळ्यांनी पत्रे हादरले. चौदाव्यात आई एकटीच गच्चीवर उभी राहून एका ताऱ्याला हात हलवते आणि डोळे पुसते. बाकी हिंदुस्थानात पोरगा तारा झाला म्हणून ती रडत होती. सोलापुरात पोरगा आणि सून मधुचंद्राला शुक्रावर निघाले होते, आणि कोणती आई अशा वेळी रडत नाही?

खेळ सुटल्यावर मालक सिद्रामप्पा केबिनमध्ये आले. "गुरुबसप्पा, आज जे केलंस ते रोज करायचं," ते म्हणाले. "का केलंस ते मला सांगू नको."

मुंबईत नवव्या दिवशी उतरलेला चित्रपट सोलापुरात पंचवीस आठवडे चालला. वितरकाचा माणूस चौकशीला आला, शेवटपर्यंत बसला आणि "चांगला आहे की" म्हणाला. त्यानं तो आधी पाहिलेला नव्हता. सूतगिरणीतला श्रीमंत तेव्हा लग्नाला नको म्हणत होता. एकोणिसाव्यांदा चित्रपट पाहून तो आईला म्हणाला, "जळालेला मानूस बोहल्यावर चढतो, मला काय धाड भरली?" आणि गोजरबाईशी लग्न करून मोकळा झाला.

सिद्रामप्पा जाऊन आता चार वर्षं झाली होती. गुपित उरलं होतं ते एकट्या गुरुबसप्पाकडं.

त्या दुपारी कट्ट्यावर शेवटी नवे मालक आले. हे सिद्रामप्पांचे चिरंजीव, रेवणसिद्ध. "भांडू नका," ते म्हणाले. "जुनं प्रिंट मागवलंय. रविवारी सकाळी अकराला लावतो. अजय मेला का जगला, सगळ्यांनी मिळून बघा."

"जगलाच," श्रीमंत म्हणाला. "पैज लावा. मी मिशी काढतो."

"मी फिजिक्स सोडतो," शिवयोगी म्हणाला.

गुरुबसप्पानं गार चहा एका घोटात संपवला.

घरी जेवताना त्यानं बायकोला, अक्कम्माला, सगळं सांगितलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा. तिनं भाकरी वाढली, शेंगांची चटणी वाढली.

"म्हंजे त्यो मेलावता?"

"हौदु. व्हय."

"आणि मी शेजारणीला सांगितलं की त्येच्या आईला सून चांगली मिळाली म्हनून."

"रविवारी बरोबर दाखवतो," गुरुबसप्पा म्हणाला. "बारा, तेरा, चौदा. मग खाली उतरून सांगतो सगळ्यांना, तवा माझं चुकलंवतं म्हनून. दसऱ्याला मशीनला हात जोडायचेत. त्या हातानं एक खोटं काम केलंय ते फेडल्याशिवाय कसं जोडू?"

"बेडा, नको," अक्कम्मा म्हणाली. "तेरा वर्षं जगलाय बिचारा. आता मारून काय मिळनार?"

"मला माझं काम नीट करून जायचंय. दुसरं काय न्हाई."

"तुमी लई नीट करता," ती म्हणाली, "त्येनंच तर हे झालं."

रविवारी अकराला चंद्रप्रभात पाय ठेवायला जागा नव्हती. श्रीमंत सहकुटुंब आला होता. गोजरबाईनं लग्नातला शालू नेसला होता, कारण तिच्या मते हे एका अर्थी त्यांच्याच लग्नाचं प्रकरण होतं. शिवयोगी वही घेऊन पहिल्या रांगेत बसला होता.

केबिनमध्ये गुरुबसप्पानं डबे ओळीनं लावले. प्रत्येक आकडा दोनदा वाचला. मशीनच्या दिव्याचा कार्बन पेटवला. अकरावं रीळ संपता संपता त्यानं हात धोतराला पुसले आणि बारावं सोडलं. हळद, लग्न, गाणं. खालून शिट्ट्या आल्या. मग तेरावं. यानाला आग लागली. डॉक्टर अजय जळाला. मग चौदावं. आईनं ताऱ्याला हात हलवला, डोळे पुसले, समाप्त.

गुरुबसप्पा झरोक्यातून बघत होता. झालं एकदाचं, त्याला वाटलं. सव्वीस वर्षांचं काम आज चोख झालं. आता खाली जायचं आणि सांगायचं.

आणि तेवढ्यात हाक उठली.

"ऑपरेटर."

आधी एक, मग दहा, मग सगळं थिएटर. लोक मागं वळून झरोक्याकडं बघत होते. कुणी खुर्च्यांवर उभं होतं. रागानं नव्हे, हसत. गुरुबसप्पा जिना उतरून खाली आला. पडद्यासमोर श्रीमंत उभा होता आणि सगळ्यांना समजावत होता.

"अरं मेला न्हाई. म्हाताऱ्यानं रिळं उलटी लावली. डोकं लावा की जरा. हळद आदी आणि जळनं नंतर? हळद लावून कोन जळतंय? आदी भाजतंय, मग हळद. ह्ये गोजरबाईलाबी कळतं."

"मलाबी म्हंजे काय?" गोजरबाई म्हणाली.

सगळे शिवयोगीकडं बघायला लागले. त्यानं वहीत बघितलं, डोळे मिटले, पुन्हा वहीत बघितलं.

"शास्त्रीयदृष्ट्या," तो म्हणाला, "अण्णांचं बरोबर हाय. आधी कारण, मग परिणाम. भाजनं कारण, हळद परिणाम." मग त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे गुलबर्ग्याच्या ऑपरेटरनंबी उलटंच लावलं असनार. आणि मुंबईच्या. सगळ्या देशात उलटा दाखवलाय हो हा पिक्चर. फक्त सोलापुरात बरोबर."

"म्हनून तर बाकीकडं पडला," मागून कुणीतरी म्हणालं, आणि तेरा वर्षांचं कोडं सुटल्यासारखं थिएटर सुस्कारलं.

गुरुबसप्पा पुढं झाला. त्यानं मनात वाक्य तयार ठेवलं होतं. "ऐका," तो म्हणाला. "आज लावलं ते बरोबर हाय. तवा चुकलंवतं. बारावं रीळ मंगळवेढ्याला उतरलंवतं, म्हनून मी…"

"व्हय व्हय, आप्पा," श्रीमंत मऊ आवाजात म्हणाला. आंधळ्याला रस्ता ओलांडून देताना माणसं वापरतात तो आवाज. "मंगळवेढ्यालाच उतरलंवतं. तुमी दमलाव. सव्वीस वर्षं झाली, एकदा चुकनारच की. आमी काय मनावर घेतो का?"

"एवढं चालायचंच," रेवणसिद्धही म्हणाले. "दसरा जवळ आलाय, आप्पा आता विश्रांती घेणारच आहेत. शेवटची तीन रिळं परत लावू. या वेळेस नीट."

टाळ्या पडल्या. गुरुबसप्पानं समोर बघितलं. पाचसातशे माणसं त्याला माफ करून मोकळी झाली होती आणि आनंदात होती. गोजरबाईनं शालूचा पदर नीट केला आणि पुन्हा खुर्चीत बसली. तिच्या चेहऱ्यावर लग्नघराची उत्सुकता होती. यांना पटवायचं म्हणजे आता काय करायचं? प्रत्येकाच्या हातात रीळ द्यायचं आणि आकडे वाचून दाखवायचे? वाचले असते तर म्हणाले असते, कुणीतरी आकडे उलटे घातलेत.

त्यानं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

मग तो केबिनच्या लोखंडी जिन्याकडं निघाला. सव्वीस वर्षं, दिवसातून सहा वेळा, तो हा जिना कठड्याला न धरता चढत आला होता. मागून श्रीमंत धावत आला आणि त्यानं गुरुबसप्पाचं कोपर धरलं.

"सावकाश, आप्पा. हितं पायरी हाय."

गुरुबसप्पानं कोपर सोडवून घेतलं नाही. पायरी आली तेव्हा तो थांबला, ती बघितल्यासारखं केलं, आणि मग पाय उचलला.