एडविनला पाणी कोमट लागलं

एडविनची एक चप्पल कॉरिडॉरमध्ये निघून पडली आणि तो तसाच, एक पाय अनवाणी, लिफ्टपर्यंत चालत गेला. चप्पल शेजारच्या अलिनाने आणून दिली. "अंकल फोनवर असतील," ती म्हणाली. अंकल फोनवर नव्हते. अंकलना कळलंच नव्हतं.

माझ्या नवऱ्याची शुगर जुनी आहे. आणि माझा नवरा बस चालवतो. इथे आखातात, मुसफ्फाच्या लेबर कॅम्पमधून पहाटे माणसं उचलायची, साइटवर सोडायची. त्याच्या पायाला चप्पल कळत नसेल, तर ब्रेक कळतो का? हा प्रश्न मी कितीदा तरी तोंडापर्यंत आणला. पायांचं नुसतं नाव काढलं की तो म्हणायचा, "मेडिकल पास आहे माझं. खलास." मेडिकलला रक्त काढतात, डोळे बघतात. तळव्यांना गुदगुल्या कोण करतो?

म्हणून ही केबिन. टेसाने, आमच्या मुलीने, टोरंटोहून एक रील पाठवली होती. जिवंत ज्वालामुखीसमोर लाकडी केबिन, आत नवरा-बायको कॉफी पितायत आणि मागे डोंगर धूर ओकतोय. खाली लिहिलेलं, 'मॉम, यू टू शुड डू धिस.' एडविन हसला. "आपला ज्वालामुखी अल ऐनला आहे. धूर नाही, नुसतं गरम पाणी. परवडतो." मी त्याच दिवशी बुकिंग केलं. घरात टीव्ही असतो, बाल्कनी असते, त्याला माझ्यापासून पळता येतं. डोंगराखाली कुठे पळेल?

गाडी अर्थात त्यानेच चालवली. मी वाटभर त्याच्या उजव्या पायाकडे बघत होते.

"काय बघतेस? नवे बूट नाहीत ते."

"बघू नको का? माझाच नवरा आहे."

"मग तोंडाकडे बघ. लोक म्हणतात चांगलं आहे."

पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. डोंगर सबंध उघडा, गवताची काडी नाही, आणि त्याची सावली सगळ्या केबिन्सवर पडलेली. हवेला उकडलेल्या अंड्यांचा वास. मागच्या बाजूला दगडी पाट होता. वर झऱ्याच्या तोंडाशी पाणी वाफाळत बाहेर यायचं, त्याच्या थोडं खाली धोक्याची लाल पाटी लावलेली. खाली पाट रुंद व्हायचा, पाणी निवायचं आणि तिथे माणसं पाय सोडून बसायची. आमच्या केबिनच्या लाकडी जमिनीखालून गुडगुड ऐकू येत होतं. पाइप असेल, एडविन म्हणाला. असेल. पण मला ते कुणीतरी पोटात राग धरून बसल्यासारखं वाटलं, आणि मी बॅग पलंगावरच ठेवली, जमिनीवर नाही.

"आपल्या अकलोलीच्या गरम कुंडापुढे हे काय!" एडविन पँट दुमडत म्हणाला. वसईला असताना त्याचे वडील त्यांना दर हिवाळ्यात वज्रेश्वरीकडे घेऊन जायचे. तिथल्या कुंडात जास्त वेळ कोण बसतो अशी भावंडांची पैज लागायची. एडविन नेहमी जिंकायचा, असं एडविन सांगतो.

"खालीच बस हं. मी भुजिंग गरम करते."

"यस, मॅडम."

मी कोळसे पेटवले. घरून करून आणलेलं चिकन-पोह्यांचं भुजिंग तव्यावर घातलं आणि मनात वाक्य जुळवू लागले. एडविन, मी रागावणार नाही. नको, हे ऐकून तो आधीच घाबरेल. एडविन, आपण डॉक्टरकडे जाऊ. मग तो म्हणेल, इन्शाल्ला, आणि ते तिथेच संपेल. तेवढ्यात किंकाळी ऐकू आली. एका लहान मुलाने लाल पाटीपाशी पायाचा अंगठा बुडवला होता आणि तो रडत आईकडे धावत होता. आई ओरडत होती, बाकीचे हसत होते.

मीही हसत वर बघितलं.

लाल पाटीच्याही वर, झऱ्याच्या तोंडाशी, वाफेत एडविन बसला होता. दोन्ही पाय नडगीपर्यंत पाण्यात. त्याने मला बघून हात हलवला.

"ये गं! कोमट आहे!"

माझ्या हातातला चिमटा कधी पडला कळलं नाही. मी धावले. पाण्यात बोट घातलं आणि झटक्याने बाहेर काढलं.

"पाय काढ."

"अगं, आत्ता तर बसलोय..."

"एडविन, पाय बाहेर काढ!"

त्याने काढले. नडगीपर्यंत लालभडक, कुणी मोजे घालून दिल्यासारखे. वर सरळ रेघ. टाचा पांढऱ्या पडलेल्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "कोमटच होतं, सुझी."

तो खोटं बोलत नव्हता. मला तेच सहन होईना.

वॉशरूमबाहेरच्या नळाखाली मी त्याला बसवलं, पायांवर गार पाणी सोडलं.

"टूथपेस्ट लाव ना जरा."

"गप्प बस."

पाणी वाहत होतं. इतके दिवस जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

"कधीपासून?"

"रमजानच्या आधीपासून. आधी मुंग्या यायच्या. मग त्याही बंद झाल्या. मला वाटलं, बरं झालं."

"आणि ब्रेक? ब्रेक कसा कळतो तुला?"

"बघून."

"म्हणजे?"

"पाय ठेवतो. मग पुढची गाडी बघतो. जवळ यायची थांबली की समजायचं, दाबला गेलाय." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "एकदा सिग्नलला पाय पेडलवर होता असं मला वाटलं. नव्हता. हँडब्रेक ओढला, म्हणून वाचलो."

"आणि बसमधली माणसं?"

"झोपलेली असतात गं. काचेला डोकं टेकून. कुणाला काही कळत नाही."

मला ती डोकी दिसली. काचेला टेकलेली, ओळीने.

"सांगितलं तर बसवरून उतरवतील," तो म्हणाला. "या वयात कोण ठेवणार मला? व्हिसाचं काय?"

मी स्वच्छ सुती ओढणी भिजवली, त्याच्या पायांना सैल गुंडाळली आणि गाडीची चावी मागितली. माझं लायसन्स आमच्याकडे शोभेला असतं. त्याने एका शब्दाने वाद न घालता चावी दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

अल ऐनच्या हॉस्पिटलकडे निघालो. मी उजव्या, हळू गाड्यांच्या लेनला चिकटून हळू चालले होते आणि मागून ट्रेलर हॉर्न मारत होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कंपनीचा दुसरा ड्रायव्हर, फैज. आवाज स्पीकरवर.

"एडविनभाई, सोमवार को आदमी ज्यादा हैं. बडी बस आप ले जाओगे ना?"

एडविनने माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघत राहिले. बोलायला माझी जीभ शिवशिवत होती, पण दात घट्ट आवळून धरले. हे माझ्या तोंडून गेलं असतं, तर सोमवारी तो पुन्हा बसमध्ये चढला असता.

"हॅलो? एडविनभाई?"

"फैज, चाबी तू रख ले."

"क्यूं? छुट्टी पे हो?"

"छुट्टी नहीं." त्याने घसा साफ केला. "मेरे पैर को ब्रेक समझता नहीं. ऑफिस में मुदीर साहब को मैं खुद बोलूंगा."

फैजने विचारलं, "कब से, भाई?"

एडविनने फोन बंद केला.

डोंगर आरशात अजून होता. ओढणीखाली काहीतरी फुगत चाललं होतं, कापड वर उचललं जात होतं. एडविन वाकून ते बघत होता.

"आता दुखायला हवं ना गं?"

"हवं."

"नाही दुखत," तो म्हणाला.

मी ॲक्सिलरेटर दाबला.